मांडवगडचा अंधार आणि बिनसेलची बॅटरी

इंदूरपासून सुमारे १०० किलोमीटरवर, विंध्याच्या कड्यावर वसलेले मांडवगड प्रवासी पाहतात ते उजेडात. मुंज तलाव व कपूर तलाव यांच्यामध्ये उभा असलेला जहाजमहाल, होशंगशहाची शुभ्र संगमरवरी कबर आणि रूपमतीच्या मंडपातून खाली दूरवर दिसणारे निमाड, हे सारे डोळे भरून पाहावे असेच आहे. परंतु चंपा बावडीशी जोडलेली तळघरे उन्हाळ्यातील गारव्यासाठी बांधलेली. वर ऊन तळपत असता चार पायऱ्या उतराव्या, तो पुढचे पाऊल कोठे पडते ते दिसेनासे होते.

गेल्या खेपेस आम्ही दोन बॅटऱ्या बरोबर नेल्या. (आपल्या घरांतून विजेरीलाच बॅटरी म्हणतात, आत घालावयाचे ते सेल.) एक नेहमीची सेलची, दुसरी मूठ दाबून पेटणारी, बिनसेलची. ही दुसरी विकत घेण्याजोगी आहे काय, असे स्नेहीमंडळी वारंवार विचारीत. तेव्हा तिची परीक्षा तळघरातच घ्यावी असे ठरविले.

तिची रचना सोपी आहे. मूठ दाबली की दातेरी चाके फिरतात, त्यांच्यासवे लोहचुंबक फिरतो आणि तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखविलेले तत्त्व ते हेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलंडमध्ये लोक फिलिप्सच्या अशा विजेऱ्या वापरीत. दाबताना होणाऱ्या गुरगुरीमुळे त्यांना डच भाषेत ‘दाबायचे मांजर’ अशा अर्थाचे नाव पडले आहे.

तळघरात ते मांजर चांगलेच गुरगुरले! पायापुढच्या दोन-तीन पायऱ्या दिसल्या. पण दाबणे थांबताच अंधार. काही मिनिटांत बोटे अवघडली. शिवाय एक हात गुंतून पडला. वयस्क माणसाने निसरड्या पायरीवर एका हाताने भिंत धरावी, काठी सावरावी, की सोबत्याचा हात धरावा? अशा जागी सेलची बॅटरीच पुढे हवी. बिनसेलची पिशवीत असावी.

तिचे खरे स्थान आहे घरी. माळव्यातील पावसाळी रात्र, वीज गेलेली, घरात कोणी आजारी. महिनोन्‌महिने आत राहिलेले सेल पाझरून बॅटरीची स्प्रिंग गंजलेली. मोबाइलचा दिवा लावावा, तर डॉक्टरांना बोलावण्यासाठी राखलेली शक्ती त्यात खर्च होते. अशा वेळी मूठ दाबताच मिळणाऱ्या अंधुक उजेडाचे मोल फार.

मात्र घेताना पारख करावी. हँडल फिरवून ‘भरून’ ठेवावयाच्या प्रकारात बहुधा लहानसा सेल दडलेला असतो. तो न वापरताही वर्षांगणिक क्षीण होतो. हलवून पेटणाऱ्या काही स्वस्त बॅटऱ्यांत तर साधे बटणासारखे सेलच घातलेले असतात. म्हणून दुकानात आधी काही न दाबता, न हलवता कळ ओढून पाहावी. दिवा लागलाच, तर आत काहीतरी साठविलेले आहे असे समजावे. जी दाबल्यावाचून पेटत नाही आणि सोडताच विझते, तीच खरी बिनसेलची.

ती अवश्य घ्यावी. परंतु घरातील दुसरी बॅटरी म्हणून. दाराजवळच्या खुंटीला टांगावी आणि पंधरवड्यातून एकदा मुलांकडून दाबवून घ्यावी, म्हणजे अंधारात ती कोठे आहे हे घरातील प्रत्येकाच्या हाताला ठाऊक राहील.