अर्धी बादली

दहावीच्या भूमितीत ‘महत्त्वमापन’ आले की वर्गातल्या माना खाली जातात. बोईसरच्या आमच्या शाळेत बहुतेक मुले तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांची. शंकूला उर्दूत ‘मखरूत’ म्हणतात, मराठीत शंकू. भीती मात्र दोन्ही भाषांत सारखीच.

शंकूचे टोक आडवे कापले की उरतो तो शंकूछेद. म्हणजे मोरीतली बादली. पुस्तकातल्या बादलीच्या तोंडाची त्रिज्या १४ सेंमी, बुडाची ७, उंची ३०. सूत्र लांबलचक, म्हणून मुले पळवाट काढतात: दोन त्रिज्यांची सरासरी साडेदहा घ्यायची आणि सरळ वृत्तचितीचे घनफळ काढायचे. उत्तर येते १०.४ लिटरच्या आसपास. खरे उत्तर १०.७८. “टीचर, एवढ्याने काय बिघडतं?” आम्ही म्हणतो, बुडाची त्रिज्या शून्य करून बघा. सरासरीने वृत्तचितीचा चौथा हिस्सा येतो, आणि शंकू तर तिसरा हिस्सा असतो. मग वर्ग गप्प होतो.

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मींनी आपल्या ‘अल-जब्र’च्या किताबात असाच एक कापलेला मनोरा घेतला होता, चौरस पायाचा. त्यांनी कापलेले टोक मनाने पुन्हा जोडले, अख्ख्या मनोऱ्याचे घनफळ काढले आणि टोकाचे वजा केले. (त्याच किताबात विरासतीच्या वाटण्यांचे हिसाब पानेच्या पाने आहेत.) आम्हीही बादली तशीच शिकवतो. बूड खाली आणखी ३० सेंमी वाढवले की टोक येते. अख्खा शंकू १२.३२ लिटरचा, टोकाचा तुकडा त्याचा आठवा हिस्सा, १.५४. वजाबाकी करा, १०.७८. सूत्र विसरले तरी चालते.

पण खरी गंमत पुढे. अर्ध्या उंचीपर्यंत पाणी किती? सगळे म्हणाले, निम्मे. हिसाब केला तर ३.६६ लिटर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी गणितात कधी तोंड उघडत नसे, हळूच म्हणाली, “टीचर, उन्हाळ्यात आम्ही शेजारच्या खालांना रोज अर्धी बादली देतो. आणि त्या महिन्याला टँकरचे निम्मे पैसे देतात.”

तिने घरी जाऊन तांब्याने मोजले. घरची बादली पुस्तकातल्याएवढी निमुळती नव्हती, तरी मधल्या रेघेपर्यंत निम्मे पाणी भरलेच नाही. दादींनी आधी तिला दटावले, “पोरी, पाण्याचा कसला हिसाब मांडतेस?” मग स्वतः तांबे मोजले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी विचारले, “मग किती वर्षांचं देणं लागतो आपण?”

मुलीने बादलीवर नेलपॉलिशने खरी निम्मी खूण केली. ती मधल्या रेघेच्या थोडी वर आली. दादी त्या खुणेच्याही जरा वरपर्यंत भरतात, असे ती सांगते.