उसाच्या फडातला अभ्यासक्रम

पदवीच्या वर्गांत पर्यावरणाचे शिक्षण अनिवार्य झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निर्देशामुळे. मात्र ते एक स्वतंत्र पेपर म्हणून उरले की विद्यार्थी त्याच्याकडे उत्तीर्ण होण्यापुरतेच पाहतात. त्यापेक्षा ते प्रत्येक विषयात गुंफावे. अध्ययन-निष्पत्ती, म्हणजे अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता यावे याविषयीची अपेक्षा, प्रत्येक विषयाची वेगळी असते आणि तिची कसोटी परिसरातील प्रश्नांवर उत्तम लागते.

गुजरातमधील बारडोलीत अशा प्रश्नांसाठी फार लांब जावे लागत नाही. काकरापार बंधारा आणि 1972 मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण यांच्या कालव्यांनी या भागात ऊस आणि सहकारी साखर कारखानदारी रुजवली. पण जिथे पाणी भरपूर आणि निचरा अपुरा, तिथे भूजल वर चढते व क्षार पृष्ठभागाशी साचतात. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने कालव्यालगतच्या आणि दूरच्या शेतातील माती वेगवेगळ्या खोलीवरून घेऊन तिची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा निर्देशांक, मोजली की तेच आकडे संख्याशास्त्राच्या वर्गात जातात आणि शेताची सरासरी बरी दिसत असतानाही त्याचा एक कोपरा पांढरा का पडला आहे, हे तिथे उलगडते. वाणिज्य शाखेला त्यातूनच विचारता येते की जमिनीची ही झीज उसाच्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडली जाते.

आकडे जागेवर जाऊन पडताळण्याला या तालुक्यात थोर पूर्वपीठिका आहे. सारावाढीविरुद्धच्या 1928 च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड-मॅक्सवेल समितीने गावोगाव चौकशी केली, तेव्हा सरकारी अहवालातील खंडाचे, म्हणजे जमिनीच्या भाड्याचे, आकडे विश्वासार्ह नसल्याचे उघड झाले आणि 22 टक्क्यांची सारावाढ 6.03 टक्क्यांवर आली. संशोधनपद्धतीच्या पहिल्याच तासाला हे प्रकरण शिकवावे, इतके त्याचे मोल आहे.

समाजशास्त्राचे काम सर्वांत अवघड, कारण टिकाऊ विकासाच्या चर्चेत माती येते आणि माणूस बहुधा राहून जातो. धुळे-नंदुरबारकडून व डांगातून तोडणीला येणाऱ्या मजुरांची मोजणी कोयत्यांत होते; एक कोयता म्हणजे मिळून ऊस तोडणारी, पाचट काढून मोळी बांधणारी जोडी, बहुधा नवरा-बायको. त्यांना ‘वार्षिक उत्पन्न किती’ असे छापील प्रश्नावलीतून विचारले तर हाती काही लागत नाही. ‘मुकादमाकडून उचल किती घेतली आणि ती किती टन तोडल्यावर फिटते’ असे अहिराणीत विचारले की नवरा आकडा सांगतो, बायको तो दुरुस्त करते, आणि विद्यार्थ्याच्या वहीत प्रथमच दोन उत्तरे लिहिली जातात.