लालबागेची सावकाश फेरी

बंगळूर नीट कळायचे असेल तर लालबागेत एक सकाळ घालवावी, असे मी पाहुण्यांना सांगते. 240 एकरांची ही बाग शहराच्या मध्यभागी आहे. आत रहदारी नाही, वाटा रुंद आहेत, चढ फक्त खडकावर आणि तोही हवा असेल तरच. तासगावहून आत्या आली तेव्हा तिच्या गुडघ्यांचा विचार करून मी हीच फेरी ठरवली. घरची द्राक्षबाग सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या बाईला शोभेची फुले दाखवून काय होणार, अशी धाकधूक होती. पण लालबाग ही नुसती बघायची बाग नाही, हेच मला तिला दाखवायचे होते.

आम्ही सकाळी लवकर मुख्य प्रवेशद्वाराने आत गेलो आणि आधी खडकाकडे वळलो. उन्हात तो तापतो आणि पावसात निसरडा होतो, म्हणून कोरड्या दिवशी त्याची वेळ सकाळचीच. चढ अंगावर येत नाही. आत्या माझा हात धरून थांबत थांबत चढली. पायाखालचा पट्टिताश्म सुमारे 300 कोटी वर्षांचा असून तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. आत्याने वाकून खडकावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "मग आपला डोंगर याच्यापुढं पोरच की गं."

खडकाच्या माथ्यावर केंपेगौडांच्या नावाचा छोटा बुरूज आहे. 1537 मध्ये पहिल्या केंपेगौडांनी बंगळूर वसवले. पुढे त्यांच्या घराण्याने शहराच्या चार दिशांना असे चार बुरूज बांधले, त्यांतला हा एक. शहर इथवरच वाढेल, असा तेव्हाचा अंदाज सांगतात. आज बुरुजापाशी उभे राहिले की चारही बाजूंना क्षितिजापर्यंत इमारतीच दिसतात. 1638 मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी विजापूरकरांच्या वतीने बंगळूर घेतले आणि पुढे शहाजीराजांचे वास्तव्य या शहरात होते, हे मी सांगितले तेव्हा आत्या बराच वेळ त्या इमारतींकडे बघत राहिली.

खाली उतरून चामराजेंद्र वडियारांचा अश्वारूढ पुतळा आणि फुलांचे घड्याळ पाहिले. तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती, म्हणून फार रेंगाळलो नाही. पुढे काचघर लागते. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचा आदर्श समोर ठेवून बांधलेल्या या बिडाच्या आणि काचेच्या वास्तूची कोनशिला 1889 मध्ये राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्ते बसवली. प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास इथे पुष्पप्रदर्शन भरते आणि सारे शहर लोटते. पण मला काचघर रिकामे असतानाच आवडते. तेव्हा त्याच्या कमानी आणि खांब निवांत पाहता येतात.

एका बाकावर बसून मी आत्याला बागेची गोष्ट सांगितली. 1760 मध्ये हैदरअलीने ही बाग सुरू केली. टिपूने दूरदूरच्या मुलखांतून बिया आणि रोपे आणवली. 1856 मध्ये तिला सरकारी वनस्पतिउद्यानाचा दर्जा मिळाला. जॉन कॅमेरॉन 1874 पासून तिचे प्रमुख होते. बंगळूरच्या सांबारात हमखास पडणारी चौ-चौ ही वेलीवरची भाजी त्यांच्या काळात इथून पसरली. त्यांच्यानंतर 1908 मध्ये गुस्ताव क्रुंबिगेल आले. हा जर्मन माणूस त्याआधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी बागांचे काम पाहत होता. बंगळूरच्या रस्त्यांवर एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा सुरू व्हावा अशी झाडांची निवड त्याने केली. आज फेब्रुवारी-मार्चमध्ये इथले रस्ते गुलाबी-जांभळे होतात, त्यामागे बागेत बसून आखलेली ही योजना आहे.

"म्हणजे ही शहराची रोपवाटिकाच," आत्या म्हणाली. इतकी वर्षे इथे येऊन मला जे नेमके सांगता आले नव्हते, ते तिने चार शब्दांत सांगितले.

तिथून पुढे झाडांची सावली दाट होते. पांढऱ्या सावरीचा एक अवाढव्य वृक्ष आहे. त्याच्या बुंध्यातून भिंतींसारखी आधारमुळे निघाली आहेत आणि माणूस त्यांच्या आडोशाला सहज उभा राहतो. अनेक झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. आत्या प्रत्येक पाटी वाचत होती, पानाचा देठ निरखत होती. पाटीवर न लिहिलेले बरेच काही तिला ठाऊक होते. कोणती मुळी वर येते, कोणत्या झाडाखाली दुसरे काही उगवत नाही, ते मी तिच्याकडून शिकले.

बागेच्या दक्षिणेकडे तळे आहे. त्याच्या कडेकडेची वाट सपाट आहे आणि बसायला जागा पुष्कळ. पाणकावळे पंख पसरून वाळवत होते, बगळे काठावर टपून उभे होते. आजीच्या वयाच्या बायका झपझप चालत कन्नड, तमिळ, तेलुगूत गप्पा मारत होत्या. चालणे ज्यांना अगदीच झेपत नाही, त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी गाडी आहे. आत्याने तिच्याकडे बघितलेसुद्धा नाही.

परतताना हॉपकॉम्सच्या दुकानात रस प्यायलो. या बागेचे प्रमुख राहिलेले डॉ. एम. एच. मरीगौडा यांच्या पुढाकाराने 1959 मध्ये ही सहकारी संस्था उभी राहिली, आणि तिची सुरुवात द्राक्ष उत्पादकांची संस्था म्हणून झाली. हे ऐकल्यावर आत्याचे प्रश्न सुरू झाले. माल कोण गोळा करतो, दर कोण ठरवतो, शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत मिळतात? दलालांशी ज्याने हुज्जत घातली आहे, त्यालाच असे प्रश्न सुचतात. दुकानातल्या माणसाने, माझ्या मोडक्या कन्नडच्या मध्यस्थीने, तिला जमेल तशी उत्तरे दिली.

ही सगळी फेरी बसत-उठत केली तरी एका सकाळीत आटोपते. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जावे, पाण्याची बाटली आणि आरामशीर चपला एवढी तयारी पुरे. पण काचघराचे फोटो काढून मागे फिरू नये. हैदरअलीपासून मरीगौडांपर्यंत राजवटी बदलल्या, भाषा बदलल्या, तरी प्रत्येकाने आधीच्याने लावलेले राखले आणि त्यात आपली भर घातली. एकेक एकर जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या शहरात 240 एकर सर्वांसाठी मोकळे राहिले, ते त्यामुळेच. आपापल्या गावातली बाग राखण्यासाठी भांडणाऱ्या प्रत्येकाने लालबाग एकदा पायी पाहावी.