बहिणींचे कोरडे घर

माझी भाची पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्यापासून तिथल्या कॉलेजांतल्या ‘सोरॉरिटी’ नावाच्या भगिनीमंडळांच्या हकिगती मला फोनवर ऐकायला मिळतात. आपल्या हळदीकुंकवाच्या मंडळाशी त्यांची गल्लत करू नये. दोन-तीन ग्रीक अक्षरे हे मंडळाचे नाव. मुलींना पारखून आत घ्यायचे, गुप्त शपथ द्यायची, आणि त्या दिवसापासून साऱ्या एकमेकींच्या बहिणी! पुष्कळ मंडळांचे स्वतःचे घर असते. मुलग्यांची बंधुमंडळे निराळी, त्यांची घरेही निराळी.

एक नियम ऐकून मात्र माझ्यातली रत्नागिरीकरीण सुखावली. बहुतेक भगिनीमंडळांच्या घरात दारू चालत नाही. मी कौतुक केले तशी भाची हसून म्हणाली, “मावशी, घर कोरडं असतं गं, बहिणी कुठे कोरड्या असतात? पार्ट्या मुलांच्या घरी!”

म्हणजे पेला कोणी भरायचा, दार कोणी लावायचे आणि अपरात्री परत कसे यायचे, हे सारे यजमानाच्या हाती. बंधुमंडळांच्या महासंघाने 2019 पासून कडक दारूला घरात बंदी घातली, बीअर राहिलीच. अशा रात्री ‘आपण पाचजणी आलो, पाचहीजणी परत जाऊ’ असे म्हणणारी एखादी असते. मला खरी बहीण वाटते ती तीच. शपथ घेतलेली असो वा नसो.

या बहिणींचा आणि दारूबंदीचा संबंध तसा जुना आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या जिल्ह्यात येतो. 1873-74 च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या बायका गुत्त्यांच्या दारात जाऊन प्रार्थना करीत उभ्या राहिल्या. त्यातून स्त्रियांचा मद्यपानविरोधी संघ निघाला. फ्रान्सिस विलर्ड या त्याच्या अध्यक्षा. आणि 1872 साली निघालेल्या ‘अल्फा फाय’ या भगिनीमंडळाचे अध्यक्षपदही 1887 ते 1889 त्यांच्याकडेच होते. त्याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. त्या या संघाच्या हिंदुस्थानासाठीच्या व्याख्यात्या झाल्या, आणि परत येऊन 1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी कोण? आपल्या देवरुखची गोदूबाई! 1893 साली तिने अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडली. 1918 साली अमेरिकेला गेली आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. देवरुखच्या या दोघींना ग्रीक अक्षर एकही ठाऊक नसेल.

मी स्वतः रत्नागिरीत मुलींच्या वसतिगृहात राहिले. सातच्या आत फाटकात, एवढा नियम पुरे होता. दारूसाठी वेगळा नियम करण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. तरी दारू आमच्यापर्यंत आलीच. एका मैत्रिणीचे वडील पीत. एका संध्याकाळी ते झोकांड्या खात फाटकाशी आले आणि तिच्या नावाने हाका मारू लागले. ती पांढरीफटक पडली. खोलीतल्या दोघी न बोलता उठल्या, तिच्याबरोबर खाली गेल्या. तिघींनी मिळून त्यांना स्टँडवर नेले आणि गावाकडच्या एसटीत बसवून दिले. वेळ टळून गेल्याबद्दल तिघींनी बोलणी खाल्ली, पण कारण सांगितले नाही. त्या महिन्यात तिच्या खाणावळीचे पैसेही कसे कोण जाणे, भरले गेले.

कायद्याने पाहिले तर 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो, हे विचारू नये! त्यापेक्षा 2008 साली केलेला नियम मला आवडतो. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, की दुकानाबद्दल मतदान : उभी बाटली की आडवी बाटली. पण त्यात खोच होती. झालेल्या मतांच्या निम्मी मते उपयोगाची नाहीत. यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत. घरी राहिलेली बाई उभ्या बाटलीच्याच पदरात पडते. म्हणून आदल्या रात्रीच ठरवावे लागते : म्हातारीला हाताला धरून कोण आणील, बाळंतिणीचे मूल तेवढा वेळ कोण घेईल, आणि जिचा नवरा दारात आडवा उभा राहील तिच्या घरी कोणी कोणी मिळून जायचे.