हार्नाकच्या पुढचे ग्रंथ

ख्रिस्ती सिद्धान्तांचा इतिहास शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला इंटरनेटवर सर्वांत आधी भेटतो तो अडॉल्फ हार्नाक. त्याचा मूळ जर्मन ग्रंथ १८८६ ते १८९० या काळात आला आणि ते शतक संपण्याआधी इंग्रजी भाषांतराचे सात खंड छापूनही झाले. फिलिप शाफ यांनी संपादलेली चर्चपित्यांची इंग्रजी मालाही तशीच फुकट मिळते. या पुस्तकांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत. मी ती सतत वापरते आणि ती पडद्यावर आणणाऱ्यांची ऋणी आहे. पण आमच्या विषयाचा इतिहास तिथे थांबलेला नाही.

हार्नाकने नॉस्टिक या सुरुवातीच्या गूढज्ञानवादी पंथांवर लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे मुख्यतः त्यांच्या विरोधकांची साक्ष होती. त्या पंथांचं स्वतःचं लेखन असलेली कॉप्टिक हस्तलिखितं इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडली १९४५ साली. हार्नाक १९३० मध्येच वारला होता. पाखंडी ठरलेल्या नेस्टोरियसने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेला ग्रंथ सिरियाक भाषांतरातून १९१० साली प्रसिद्ध झाला. पाखंडांविरुद्ध लिहिणाऱ्या इरेनियसचं एक छोटं पण मोलाचं पुस्तक १९०४ मध्ये आर्मेनियन भाषेत हाती लागलं. ज्यांना पाखंडी ठरवलं गेलं त्यांचे स्वतःचे शब्द मिळाल्यावर सिद्धान्ताची कहाणी पूर्वीसारखी सांगता येत नाही. फुकटच्या ग्रंथालयावर विसंबणारा मात्र तीच जुनी कहाणी शिकत राहतो.

नायसियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेचंच पाहा. इ. स. ३२५ मध्ये खरा विश्वास ठरला आणि पुढे, पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही म्हणणाऱ्या एरियसच्या अनुयायांनी त्यावर हल्ले केले, अशी सरळ मांडणी जुन्या पुस्तकांत सर्रास आढळते. रोवन विल्यम्स यांचं एरियसवरचं पुस्तक १९८७ मध्ये, आर. पी. सी. हॅन्सन यांचा भलामोठा ग्रंथ १९८८ मध्ये आणि लुईस एअर्स यांचा २००४ मध्ये आला. चौथ्या शतकातल्या लोकांना उत्तर आधीपासून ठाऊक नव्हतं, ते चाचपडत शोधत होते, हे या अभ्यासकांनी दाखवून दिलं. अथनेशियसला आपण नायसियाचा खंदा रक्षक मानतो. पण 'पित्याशी एकतत्त्व' या अर्थाचा परिषदेचा कळीचा ग्रीक शब्द 'होमोऊसिओस' त्याच्या एरियसविरोधी भाषणांत जेमतेम एकदा येतो. त्या शब्दाचा जोरदार कैवार तो घेतो ते परिषदेला पाव शतक उलटल्यावर. एखादा शब्द कुठे येत नाही हे तपासायचं तर सगळं लेखन चाळावं लागतं. ते काम संगणक क्षणात करतो, म्हणून आम्हाला डिजिटल ग्रंथालय हवं आहे.

पानांची छायाचित्रं तेवढ्याला पुरत नाहीत. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ग्रीक अक्षरांवरची चिन्हं विस्कटतात, तळटीपा मुख्य मजकुरात मिसळतात, पृष्ठांक गळतात. आमच्याकडे अथनेशियसचा संदर्भ आजही मीन्य या संपादकाच्या ग्रीक मालेतल्या खंड आणि स्तंभ क्रमांकांनी दिला जातो. ते क्रमांकच नसतील तर विद्यार्थ्याने प्रबंधात काय लिहायचं? जॅरोस्लाव्ह पेलिकन यांच्या पाच खंडांकडे (१९७१ ते १९८९) पाहिलं की मला राहवत नाही. त्यांनी मूळ लेखनाचे संदर्भ तळाशी न देता समासात, त्या त्या ओळीशेजारी दिले आहेत. त्या समासावर बोट ठेवताच मूळ उतारा उघडला, तर इतिहासकाराचं प्रत्येक विधान वाचकाला स्वतः पडताळता येईल. पेलिकन यांनी जणू याच सोयीसाठी पानं आखली होती.

अडचण कायद्याची आणि पैशाची आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. पेलिकन २००६ मध्ये गेले, म्हणजे वाट पाहायची तर २०६६ संपेपर्यंत. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाने १९७२ पासून उभारलेला ग्रीक ग्रंथसंग्रहही संपूर्ण हवा असेल तर वर्गणी भरावी लागते. लहान सेमिनरीला हा खर्च एकटीने झेपत नाही. लेखकाचा आणि प्रकाशकाचा मोबदला बुडावा असं मी मुळीच म्हणत नाही. पुणे, मुंबई, गोवा इथल्या सेमिनरींनी एकत्र येऊन सामाईक परवाना मागावा, आणि प्रकाशकांनी वाचकसंख्येच्या मानाने दर लावावा. पाश्चात्त्य विद्यापीठाचा दर आमच्या तीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला लावण्यात काही न्याय नाही.

अशा ग्रंथालयासाठी यादी करायला मला सांगितलं तर पेलिकन पहिले, लगोलग हॅन्सन. त्यानंतर जे. एन. डी. केली यांचं १९५८ चं पुस्तक, कारण नवशिक्याला इतकं नीट बांधलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. आणि या तिघांना जोडून अथनेशियसचं मूळ ग्रीक, स्तंभ क्रमांकांसकट.