सव्वा टनाचा गेम

न्यू जर्सीला गेलेला माझा एक्स-रूममेट 2024 च्या दिवाळीआधी फोनवर चक्क कळवळला. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम त्याला तिथे 14.99 डॉलरला पडत होता. म्हणजे आपले साडेबाराशे रुपये! मी पुण्यात बसून तोच गेम 480 रुपयांत घेतला होता.

‘साल्या, तूच गिफ्ट कर ना!’

केला ट्राय. पण ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानाने सरळ नकार दिला. दोन देशांतल्या किमतींत फार तफावत असली, की तिथे गिफ्ट जात नाही.

गणित सोपं आहे, बॉस. डिजिटल गेमला ना ट्रकभाडं, ना गोदाम. आणखी एक कॉपी विकायला खर्च जवळपास शून्य. मग जिथे खिसा लहान, तिथे किंमतही लहान ठेवायची. नाहीतर पोरं पायरसीकडे वळणारच. स्टीमने 2015 मध्ये भारतात रुपयांत किमती लावल्या, त्या याच हिशेबाने. अर्थात, हे सुख कायमचं नसतं. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात चलन इतकं डळमळलं, की नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या किमती थेट डॉलरमध्ये गेल्या.

एनीवे, आपण मात्र फायद्यात! याच तोऱ्यात लॅपटॉप घेऊन मी दिवाळीला गावी गेलो. गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात. शेजारचा दहावी झालेला पोरगा संध्याकाळभर मांडी घालून माझा गेम बघत बसला. रात्री माल पेटीत टाकायचा, सकाळी पैसे हातात. भाव कधी पडत नाही. त्याला भलतीच गंमत वाटली.

‘दादा, ह्यात ऊस न्हाई का?’

‘नाही रे.’

‘बरंय की मग. कितीला घेतला?’

‘फक्त 480. अमेरिकेत साडेबाराशे!’ मी कॉलर ताठ केली.

त्याने क्षणभर बोटं मोजली. ‘म्हंजे सव्वा टनाच्या वर.’

मला कळायला वेळ लागला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. 2024 च्या सुरुवातीला तोडणीचा दर 34 टक्के वाढून टनाला 366 रुपये झाला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माझा ‘फक्त’ म्हणजे दोघांनी पहाटेपासून तोडलेला, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहिलेला सव्वा टन ऊस. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली होती. भाऊबीज झाली, की ट्रॅक्टर येणार होता. या वर्षी पोरगाही सोबत जाणार होता.

‘तुला घेऊन देऊ का?’ मी विचारलं.

तो हसला. ‘खेळू कशावर, दादा?’

गेमची किंमत देश बघून ठरते. भारताची एकच किंमत. हिंजवडीतल्या माझ्या पगारालाही 480 आणि धारूरच्या कोयत्यालाही 480. माझ्यात आणि न्यू जर्सीत जेवढं अंतर आहे, त्याहून जास्त माझ्यात आणि माझ्या शेजाऱ्यात असेल, हे त्या किमतीत कुठे दिसतच नाही. खरं सांगायचं, तर मलाही दिसलं नव्हतं. आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच आहे.

पुण्याला परतलो, तर मित्राचा पुन्हा फोन. ‘काही जुगाड झाला का रे?’

म्हटलं, ‘साडेबाराशे भरून टाक, बाबा. तुझ्या पगाराला तो गेम स्वस्तच आहे. आणि माझ्या पगाराला तर जवळपास फुकट.’