पाण्याच्या पंचांगाप्रमाणे

सेवानिवृत्त मनुष्यास पहिल्या वर्षी लोक विचारतात की, वेळ कसा जातो. दुसऱ्या वर्षी विचारतात की, मुलाकडे राहावयास केव्हा जाणार. आणि तिसऱ्या वर्षापासून काही विचारावयाचेच सोडून देतात. आम्हां उभयतांस ह्या तिन्ही अवस्था भोगून झाल्या आहेत. शास्त्रकारांनी गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला. आम्ही वनाची वाट न धरता पाण्याची धरली, इतकाच काय तो फरक.

यवतमाळ जिल्ह्यात राहून आपण पाण्याच्या काठी दिवस घालवितो, असे सांगितले म्हणजे पुण्यामुंबईकडील आप्त हसतात. ह्या जिल्ह्याचे नाव त्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेले असते ते कापूस, नापिकी आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या ह्या शब्दांच्या शेजारी. ते शब्द खोटे नाहीत. परंतु तेवढ्यावर एका जिल्ह्याचे वर्णन संपत नाही. गेली आठ वर्षे आम्ही येथे ऋतुमानाप्रमाणे नदी, धबधबा, जलाशय आणि डोह असा फेरा करीत आहो. त्याचा वृत्तांत वाचकांस, विशेषतः आमच्या वयाच्या वाचकांस, सादर करावा असे मनात आले.

प्रथम थोडा भूगोल सांगितल्यावाचून शिक्षकास पुढे जाववत नाही. १९०५ पर्यंत ह्या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत. त्या वर्षी त्यास यवतमाळचे नाव मिळाले. सातपुड्यातून येणारी वर्धा ही त्याची ईशान्येकडील सीमा आणि बुलढाण्याकडे अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पैनगंगा ही दक्षिणेकडील. बेंबळा वर्धेस मिळते. अरुणावती अडाणेस मिळते, आणि अडाण व पूस ह्या पैनगंगेत विलीन होतात. पाऊस वर्षास सरासरी नऊशे मिलिमीटरांच्या आसपास. तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत पडून जातो व उरलेले आठ महिने त्याच्या शिलकेवर काढावे लागतात. ही शिल्लक राखण्यासाठी धरणे झाली. पुसदजवळ पूस नदीवर १९७१ साली धरण झाले. पुढे पैनगंगेवर इसापूरचे, दिग्रसजवळ अरुणावतीचे, बाभुळगावकडे बेंबळेचे. तेव्हा आमच्याकडे नदी चार महिन्यांची आणि जलाशय बारा महिन्यांचा. अर्थात पाऊस पडला तर.

आमच्या वर्षाचा आरंभ आषाढात होतो. पावसाळ्यात नावेत पाय ठेवावयाचा नाही, हा पहिला नियम. ह्या दिवसांत पाणी दुरून पाहावे. त्यासाठी पैनगंगेवरील सहस्रकुंडासारखे दुसरे स्थळ नाही. एका तीरास आमचा उमरखेड तालुका आणि दुसऱ्या तीरास नांदेड जिल्हा. मध्ये काळ्या कातळावरून नदी फुटून शतधा होते व खाली कोसळते. उन्हाळ्यात हाच कातळ उघडा पडतो, आणि येथे धबधबा असतो हे नवख्यास सांगूनही पटत नाही. तुषारांनी अंग भिजू लागले की आमच्या सौभाग्यवती दोन पावले मागे सरतात आणि म्हणतात, “अहो, नमस्कार येथूनही पोहोचतो.” ह्या शहाणपणाची किंमत आम्ही जाणतो. २०२३ च्या जुलैमध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे पुराने चाळीसहून अधिक माणसे अडकून पडली होती व त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे धाडावी लागली होती. जे पाणी चैत्रात घागरीने मोजावे लागते, तेच श्रावणात गाव वेढते. दोन्ही रूपे एकाच नदीची आहेत, हे येथे राहणाऱ्यास विसरता येत नाही.

ह्याच दिवसांत चढणीचे मासे ओढ्यानाल्यांतून प्रवाहाच्या उलट वर येतात. आम्ही शाकाहारी, माशांशी आमचा संबंध पाहण्यापुरता. परंतु पाहता पाहता त्यांचे शास्त्र आम्हांस आवडू लागले. आमच्या जलाशयांत जे रोहू, कटला आणि मृगळ सापडतात, ते मूळचे गंगेसारख्या उत्तरेकडील नद्यांचे. ते वाहत्या, पुराच्या पाण्यात प्रजनन करितात; साठलेल्या पाण्यात वाढतात खरे, पण वंश सहसा वाढवीत नाहीत. १९५७ च्या जुलैमध्ये ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी ह्या जातींच्या माद्यांस माशांच्याच मेंदूतील ग्रंथीचा अर्क टोचून कोंडलेल्या पाण्यात अंडी घालावयास लावली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळितात. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार करून, बोटाएवढे झाले म्हणजे जलाशयात सोडण्याची रीत देशभर रूढ झाली. त्या पिलांस बोटुकली असे गोड नाव आहे. हे सर्व आम्ही घरी समजावून सांगितले तेव्हा सौ. म्हणाल्या, “म्हणजे बिचाऱ्यांचे माहेर गंगाकाठी आणि जन्म काढावयाचा येथे.” आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानाचे सार त्यांनी एका वाक्यात आणून ठेविले.

कार्तिकी पौर्णिमेस आम्ही वर्धा-पैनगंगा संगमावर जातो. एका बाजूस आमच्या वणी तालुक्यातील जुगाद, तर पैलतीरी चंद्रपूर जिल्ह्यातील वढा. तेथे विठ्ठलाची यात्रा भरते. पंढरीस जाणे न घडलेली कितीतरी म्हातारी माणसे येथे स्नान करून समाधान पावतात. माघात कळंबच्या चिंतामणीचे दर्शन; तेथे देवाकडे जाण्यासाठी चढावे लागत नाही, पायऱ्या उतरून कुंडाजवळ जावे लागते. हे आमच्या गुडघ्यांस मानवते. परतीच्या पायऱ्यांविषयी बोलू नये हे बरे. प्रवास सगळा एस. टी. ने. मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धे तिकीट झाले, आणि पासष्टी ओलांडल्यामुळे आम्हांसही अर्धे पडते. म्हणजे उभयता मिळून एक पूर्ण प्रवासी होतो. विवाहसंस्थेची इतकी नेमकी व्याख्या कोणत्या स्मृतीत नसेल.

मात्र प्रवासात आमच्यावर ताण करणारा एक जिल्हाबंधू होऊन गेला, त्याचा उल्लेख केला पाहिजे. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ गळ्यात रेडिओचा पट्टा घेऊन निघाला. तो तेलंगणात शिरला, परतला, आणि नऊ महिन्यांत तीन हजार किलोमीटरांहून अधिक भटकंती करीत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. म्हणजे पैनगंगेच्या उगमाच्या मुलखात त्याने मुक्काम केला. त्यास तिकीट पडले नाही. परंतु शेते, सडका आणि वस्त्या ओलांडीत, आसऱ्याच्या शोधात हिंडणे काही सुखाचे नसावे.

मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस हे आमच्या नौकाविहाराचे. ‘विहार’ हा शब्द लिहिताना हसू येते. ज्या जलाशयावर आम्ही जातो तेथे शिडाची नौका नाही की रंगीत छत नाही. एक लाकडी डोंगा आहे. बाकी भोई मंडळी थर्माकोलचे तुकडे पोत्यात घालून बांधलेल्या तराफ्यावर बसून हाताने वल्हे मारितात. डोंग्याचे धनी आमच्याहून वयाने वडील आहेत. गाव त्यांस बाबाजी म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. ते आम्हांस गुरुजी व सौ.स बाई म्हणतात. तरंगते जाकीट छातीस बांधल्याशिवाय डोंग्यात बसावयाचे नाही, हा आमचा दुसरा नियम. बाबाजी त्यास हसतात, पण बंद ओढून पाहावयास विसरत नाहीत.

सायंकाळी पाण्यात पडद्यासारखी उभी लावून ठेविलेली जाळी पहाटे काढावयाची असतात. धुके पाण्यावर उभे असते. वल्ह्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. जाळे हळूहळू वर येऊ लागले की कधी त्यात चार किलोचा कटला असतो, कधी एखादी मरळ, कधी नुसता पाला. पाला आला तरी बाबाजींच्या मुद्रेत फरक पडत नाही. एकदा आम्ही उतावीळपणे विचारले, “आज काहीच का नाही?” ते म्हणाले, “गुर्जी, पान्यापाशी घाई नाई चालत. थे आपल्या टाइमानं देते.” पस्तीस वर्षे घंटेबरहुकूम चाललेल्या मनुष्यास हे वाक्य पचावयास दोन हिवाळे लागले.

थंडीत पाहुणे पक्षी येतात. काव्यात ज्याच्या विरहाची वर्णने आम्ही वर्षानुवर्षे मुलांस शिकविली, तो चक्रवाक प्रत्यक्ष पाहण्याचा योग निवृत्तीनंतर आला. नारिंगी अंगाचा, फिक्या डोक्याचा, जोडीने हिंडणारा. कवी म्हणतात की, रात्री ही जोडी विभक्त होते व एकमेकांस हाका मारीत राहते. आम्हांस मात्र पहाटे दोघे शेजारी शेजारीच आढळले. मराठीत त्यास ब्राह्मणी बदक म्हणतात, हे कळल्यावर सौ.नी आमच्याकडे जे पाहिले, ते येथे लिहीत नाही.

ह्या मंडळींच्या पंक्तीस आम्ही जेवलो नाही आणि त्यांनी कधी आग्रहही केला नाही; चहा मात्र एकाच भांड्यातला. आमच्याकडून होईल ते एकच काम होते. जलाशयातील मासेमारी सहकारी संस्थेने ठेक्याने घ्यावयाची असते. त्याची रक्कम, बोटुकलीची खरेदी, हिशेब, अर्ज हे सर्व कागदावर असते. तो कागद वाचून दाखविणे व उत्तर लिहून देणे हे आम्ही पत्करिले. त्यातून एक गोष्ट ध्यानी आली. आम्हांस जे पाणी मनःशांतीसाठी हवे असते, ते त्यांचे शेत आहे. पाऊस कमी झाला की बोटुकलीचे पैसे पाण्यात जातात असे म्हणण्याचीही सोय राहत नाही, कारण पाणीच उरत नाही. २०१७ चा पावसाळा कोरडा गेला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरास पाणी पुरविणारी निळोणा व चापडोह ही धरणे तळास गेली. शहरात नळाच्या पाण्याची वाट लोक दिवसगणतीने पाहत होते. त्या वर्षी बाबाजींचा डोंगा भेगाळलेल्या गाळावर पालथा पडलेला होता आणि त्यांची दोन्ही मुले परगावी बांधकामावर मजुरीस गेली होती. धाकटा परत आला. थोरला आला नाही.

फाल्गुनानंतर पाणी दररोज थोडे थोडे उतरते. कालव्याच्या पाळ्या सुटतात, ऊन चढते आणि काठ आत आत सरकत जातो. अशाच एका चैत्रात बाबाजींनी डोंगा एका उथळ जागी थांबविला आणि वल्हे खाली टेकून दाखविले. खाली दगडी जोते होते. ते त्यांचे घर. धरणात गाव गेले तेव्हा ते तरुण होते. नवे गाव माळावर वसले. पुढे शेत नसल्यामुळे त्यांनी त्याच पाण्यावर जाळे टाकावयास आरंभ केला. ते ज्या पाण्यात मासे धरीत होते, त्याच्या तळाशी त्यांचे अंगण होते. आम्हांस बोलावयास शब्द सुचेना. सौ.नी मात्र विचारले, “तुळस कुठं होती?” बाबाजींनी वल्हे दोन हात डावीकडे नेऊन टेकविले. त्यांनी तेथे ओंजळभर पाणी वाहिले आणि डोंगा पुढे निघाला.

धरणे नकोत असे आमचे म्हणणे नाही. त्याच पाण्यावर खालच्या अंगास गहू-हरभरा उभा राहतो, आणि आमच्या घरातील नळही त्याच हिशेबातला आहे. परंतु निम्न पैनगंगा प्रकल्पात बुडणाऱ्या गावांचे लोक वर्षानुवर्षे विरोध करितात, ही बातमी वाचली की आता आम्हांस ते जोते दिसते. पूर्वी ती केवळ बातमी होती.

वैशाखात फिरणे थांबते. नदी म्हणजे वाळू, आणि वाळू म्हणजे ट्रॅक्टरांची चाके. मधून मधून एखादा डोह, त्यावर खंड्या पक्षी आणि काठी धुणे घेऊन आलेल्या बाया. हे महिनेही आम्ही वगळीत नाही. आठ दिवसांनी एकदा सकाळच्या थंड वेळी डोहापर्यंत जाऊन येतो. आजाऱ्याच्या समाचारास जावे, तसे.

चिरंजीव पुण्यास असतो. त्याचे घर सातव्या मजल्यावर असून तेथे पाणी चोवीस तास आहे. त्याचा आग्रह प्रेमाचा आहे आणि त्यात तथ्यही आहे, सौ.चे गुडघे दरसाल एकेक स्थळ यादीतून कमी करीत आहेत. गतवर्षी सहस्रकुंडाचा खालचा कातळ गेला, यंदा बहुधा डोंगाही जाईल. तरी प्रत्येक ज्येष्ठात त्याचे पत्र आले, म्हणजे हल्ली दूरध्वनी आला, की त्या उत्तर देतात, “एवढा पाऊस कसा होतो ते पाहू, मग कळवू.” त्याला हे टाळणे वाटते. वस्तुतः ते खरे उत्तर आहे. ज्यांचा पाऊस पाहावयाचा अशी चार माणसे येथे झाली आहेत.

आमच्या समवयस्कांस एवढेच सांगणे आहे. निवृत्तीनंतर काठी, छत्री आणि अर्धे तिकीट घेऊन आपल्याच जिल्ह्याचे पाणी वर्षभर पाहावे. दूरदेशाचे तिकीट नंतरही काढता येईल. पहिल्या वर्षी देखावा दिसतो, दुसऱ्या वर्षी ऋतू कळतो, आणि तिसऱ्या वर्षी त्या पाण्यावर कोण जगते हे समजते. त्यानंतर वेळ कसा जातो, हा प्रश्न निदान आम्हांस तरी कोणी विचारलेला नाही.